आढळस्थान

लांबी एक पूर्णांक एक दशांश मिलिमीटर.
म्हणजे खसखशीच्या दाण्याला पाय फुटावेत, इतकाच.
रंग: मधाच्या बरणीत तळाशी उरतो तो.
पाठ फुगीर, एका डोळ्यात जेमतेम वीस भिंगं,
टणक पंखांची जोडी मधोमध सांधून गेलेली
आणि तिच्याखाली उडायचे पंख
नाहीत.

'नाहीत' हेही वर्णनात लिहावं लागतं.
माझी निम्मी नोकरी काय नाही ते लिहिण्यात जाते.

क्वेन्का, डिसेंबर. आई नाताळची गव्हाणी मांडत होती.
आरशाच्या तुकड्याचं तळं, मातीची मेंढरं,
कान तुटलेलं गाढव.
बाजारातून आणलेलं शेवाळ तिनं टेबलावर झटकलं
आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर
मिरपुडीचा एक कण चालू लागला.
"होर्तेन्सिया, माझा चष्मा आण."
मी काचेची कुपी आणली.

हे शेवाळ कुठलं, असं विचारत विचारत
तीन बाजार, दोन बस, एक दुधाचा ट्रक करून
मी सारागुरोच्या वरच्या धुक्यात पोचले.
त्रान्सितो ग्वाय्यास.
काळी शाल, छातीशी चांदीची टाचणी,
माझ्या पेटीतल्या सगळ्या टाचण्यांची पणजी शोभेल अशी.
तिनं आधी माझे बूट पाहिले.
सरकारी नव्हते. मग बोलली:
एका खोडाला एकदा हात लावला
की सात वर्षं त्याच्याकडे बघायचं नाही,
हा सासूचा नियम.
"आणि आठव्या वर्षी?"
"आठव्या वर्षी मुलीची फी असते."

चाळणीत शेवाळ, खाली पांढरं कापड,
आम्ही दोघी गुडघ्यांवर, तांदूळ निवडायला बसल्यासारख्या.
एका पोत्यात सदतीस निघाले.
माझ्या लहान मायक्रोस्कोपला तिनं डोळा लावला
तो बराच वेळ काढला नाही.
पोटाच्या पातळ कातडीतून हिरवं दिसत होतं,
सकाळचं जेवण.
मांडीत उडीची स्प्रिंग अजून गुंडाळलेली,
शेवाळात मात्र उडी मारायला जागाच नसते.
"म्हणजे इतकी वर्षं," ती डोळा न काढता म्हणाली,
"मी यालाच पोत्यानं विकत होते?"

मला उत्तर येत होतं.

तुझं नाव देते त्याला, म्हटलं, तर हसली.
"नको बाई. नाव लागलं की घर सापडतं."
शेवाळ काढायला बंदी आहे.
दंड तिच्या दोन गाईंएवढा.

आता रात्र. कार्डाच्या टोकावर डिंकाचा ठिपका,
त्यावर तो, आणि त्याच्याखाली लाल चिठ्ठी,
खाट नि तिच्यावर मुंगी.
रकाना विचारतो: आढळस्थान.
अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची.
तिन्ही माझ्या वहीत आहेत,
तिच्या दाराच्या कडीपर्यंत पोचतील इतके अचूक.

लॅटिनमध्ये टेबलक्लॉथला मापा म्हणतात.
नकाशाचा शब्दही पुढे त्यातूनच निघाला.
मी तेच नाव ठेवलं.
आणि नावाचा मानकरी म्हणून
त्या सदतिसांतला एकही घेतला नाही,
मिरपुडीचा तो पहिला कण घेतला.
आढळस्थान: क्वेन्का, जेवणाचं टेबल,
गाढवापासून पूर्वेला एक वीत.

यात एक अक्षर खोटं नाही,
म्हणून तर झोप येत नाही.

संपादकांचं पत्र आलंय:
नैसर्गिक अधिवास स्पष्ट करावा.
ते मी फळांच्या टोपलीखाली ठेवलंय.
आईनं यंदा लाकडाचा भुसा हिरवा रंगवून पसरला,
मेंढरं त्यावर नीट उभी राहत नाहीत, सारखी कलंडतात.
तरी रोज सकाळी
टेबलक्लॉथ खिडकीबाहेर झटकण्याआधी
ती चष्मा लावते
आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत
एकदा वाचून काढते.